दोष ट्यूबलाइटचा

सोमवार, ५ जून २०२३. ग्रनोब्ल, सकाळी ७.१०
आजपासून कॉफी दोनच कप. चिडायचं नाही.
या आठवड्यात काम एकच. चौदा वर्षांपूर्वीचा माझा फोटो खरा होता, हे परत दाखवणे. खरं तर गरज नाही, पाठ्यपुस्तकात छापून आलाय. पोटात लोखंड असलेलं ते प्रोटीन ऐन कामात असताना हिरवं होतं. त्या हिरव्या अवस्थेचा क्ष-किरणांनी पहिला फोटो काढला कुणी? मी! पण हल्ली परिषदांत कुजबुज चालते: फोटो पुरा होण्याआधीच क्ष-किरण प्रोटीनची वाट लावतात म्हणे.
लिऑनची एक कंपनी त्या फोटोवरून औषध बेततेय. 'फोटो पक्का' असं माझ्या सहीनिशी हवंय. पुढच्या सोमवारी पहिल्या रोग्यांना डोस.
आमच्या जुन्या स्फटिकवाल्या सोलांजने अकरा महिने खपून प्रोटीनचे चार हिरवे स्फटिक दिलेत. शुक्रवारी ती निवृत्त होतेय. असा हात परत मिळायचा नाही. चार म्हणजे भरपूर.

सोमवार, दुपारी
एर्मांस नावाची नवी बाई आलीय, वर्णपटवाली. स्फटिकावर मंद प्रकाश सोडते, कुठले रंग शोषले गेले त्याचा आलेख काढते. हिरवं शाबूत असेल तर आलेखाला उंचवटा. म्हणाली, सर, क्ष-किरण चालू असताना माझाही दिवा चालू ठेवू, प्रोटीन कधी बिघडतं ते कळेल. मोठ्या मनाने हो म्हटलं. आपल्याला कसली भीती?
क्ष-किरणांच्या खोलीचं दार बंद झालं. भोंगा वाजला. उंचवटा दोन सेकंदांत बसला. फोटोला लागतात नव्वद.
तिचा दिवा खराब आहे.

मंगळवार, ६ जून
दिवा बदलला. दुसरा स्फटिक. उंचवटा परत गायब.
फोटो मात्र सुरेख! २००९ सारखा हुबेहूब. याला म्हणतात पुरावा. एर्मांस हळूच म्हणाली, हिरवं गेलं तरी फोटो तोच, तेच तर ना, सर. म्हणजे काय, ते विचारलं नाही.
कंपनीला सही करून पाठवून दिली. उगाच शेवटच्या दिवसापर्यंत ताटकळत कशाला ठेवा लोकांना. कॉफी पाच.

बुधवार, ७ जून
आज तिसरा स्फटिक, क्ष-किरण दहापट मंद. माझीच कल्पना. स्फटिक नेमका मधोमध आलाय का, हे बघायला एक झटका दिला. खात्रीसाठी दुसरा झटका. तिसरा असाच. खरा फोटो सुरू करेपर्यंत आलेख सपाट.
जेवताना सोलांज सगळ्यांदेखत म्हणाली, अरे गास्पार, माणूस जिवंत आहे का बघायला त्याला किती वेळा भोसकशील? सगळे खदाखदा हसले. मीही हसलो. बटाटे अर्धेच खाल्ले.

गुरुवार, ८ जून
दुपारी २.००. चौथ्याला हात लावणार नाही, असं सोलांजला वचन दिलं. तो एर्मांसकडे राहील, नुसत्या दिव्याखाली.
४.१५. चौथा लावला. सहाला क्ष-किरण यंत्रावरची आमची पाळी संपत होती, दुसरा इलाजच नव्हता.
५.३०. बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. लालसर दिसला. सोलांजलाही दाखवला. म्हटलं, हॉलमधली ट्यूबलाइट बघ कशी आहे, सगळंच लाल दिसतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग चष्मा काढून म्हणाली, गेल्या वेळीही तू हेच म्हणाला होतास.
गेल्या वेळी? काहीतरीच! वय झालं बिचारीचं. माझ्याकडे सगळ्या रोजनिश्या आहेत. उद्या २००९ची नेऊन तिच्या नाकासमोर धरतो.

शुक्रवार, ९ जून, सकाळी
सापडली. जशीच्या तशी उतरवतो.
'१८ जून २००९. फोटो झाला!!! सोलांज म्हणते, हिरवा आत गेला, लाल बाहेर आला. हॉलमधली ट्यूबलाइट बदलून घेणे. संध्याकाळी शॅम्पेन.'
अक्षर माझंच आहे.

शुक्रवार, संध्याकाळी
सोलांजचा निरोप समारंभ. संचालकांनी मला चार शब्द बोलायला उभं केलं. अक्रोडाचा केक फार छान झालाय, असं बोललो नि बसलो. सोलांजने कानाशी येऊन विचारलं, सापडली का रे डायरी? नाही म्हटलं. तिने केकचा एक तुकडा माझ्या बशीत ठेवला. लाज वाटली. खाल्ला.
निघताना वायरमन रेमोंला गाठलं. तेव्हाची ट्यूब खरंच खराब होती ना, विचारलं. म्हणाला, छे हो, तुम्ही हट्टच धरलात म्हणून बदलली. जुनी ठणठणीत होती. माझ्या गॅरेजात अजून जळतेय.
लिऑनला लिहायला हवं. सही परत घेतो, एवढंच. दोन ओळींचं काम.
आज उशीर झालाय. उद्या शनिवार, ऑफिसात कोण असणार.
सोमवारी सकाळी पहिलं काम तेच.