बाबांचं पाणी

दादा,

बाबांना घेऊन जीपनं नांदेडला चालले. आज डायलिसिसची पाळी न्हाई, तरी चालले.

सकाळी पाय पुसताना त्यांच्या टाचेला दातांचे वण दिसले. शुगरनं पाय बधिर झालेत, चावलेलं त्यांना कळलंच न्हाई. आपला वाघ्या त्यांच्या पायाशीच निजायचा. मागच्या महिन्यात तो मेला तो उन्हानं न्हाई, पिसाळला होता.

लेकरं त्याच्याशी खेळायची. आत्ताच दवाखान्यात ने, सुया टोचून घे. भगताकडं नेशील तर बघ.

डॉक्टरनं पाणी कमी सांगितलंय, म्हणून कालपासून बाबांनी पाणी मागितलं न्हाई तर आपण त्यांना शाबासकी दिली. आज व्हिटॅमिनच्या गोळीसाठी घोटभर पुढं केलं, तर पेला बघूनच ते किंचाळले.

करुणा