कार्डावर कोणाचं नाव

बा, सरकारनं तुहं नाव विचारलं. लग्न झाल्यापासून कोण्या कागदानं विचारलं नव्हतं. राशन कार्ड म्हण, बँक म्हण, सगळीकडं नवऱ्याच्याच नावावर निभून गेलं. आता माह्या मसाल्याच्या पुड्यांसाठी टॅक्सचा नंबर पाह्यजे, काऊन की खामगावचा दुकानदार त्याच्याशिवाय माल ठेवत नाही. अन् पॅनच्या फॉर्मवर नवरा चालत नाही, बापच लागते. हे सारं मी सांगून राह्यली अन् नात लिहून राह्यली. मले काऊन लिहता येत नाही, हे तुले सांगाची गरज नाही.

जानेफळात कोणाले अर्ज लिहाचा असला की तो तुह्याकडंच ये. ओट्यावर लोकं बसून राहत, मी त्यायच्यासाठी चहा आणत होती. एक दिवस तुही पेन्सील उचलून पाह्यली, तं तू हातातून काढून घेतली. "ठेव थे. मिरच्या कांडाच्या राह्यल्या." मी कांडल्या. अजूनही कांडूनच राह्यली. आज त्याच मिरचीचा धंदा झाला, म्हणजे तुहेच उपकार म्हणा!

"आजी, हे लिहू?" नात विचारते. लिह म्हटलं. मेलेल्या माणसाले राग येऊन येऊन किती येईन?

सहीच्या जागी अंगठा असला तं त्याच्यावर नोटरीचा शिक्का लागते. पोरगा म्हणे, "काऊन एवढी हिंडतं, माय? नंबर माह्या नावावर काढू." मी म्हटलं, "कुटाचं मी अन् मालक तू? आज्यावरच गेला बे!" मग मेहकरले गेली. पहिल्या दिवशी वकील जेवाले गेला होता, दुसऱ्या दिवशी जेवून सुस्तावला होता. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या दारातच बसली, तवा शिक्का भेटला.

नात म्हणे, "कार्डावर एकच नाव छापते, आजी. बापाचं का मायचं?" फॉर्मात तुहं लिहाच लागलं, बा, तिथं इलाज नव्हता. छापाले मी मायचं सांगतलं. मिरचीले धने किती, खोबरं किती, हे तिनं माहा हात धरून शिकवलं. तिनं काही हातातून काढून घेतलं नाही.

काल कार्ड आलं. माहं नाव, माहा नंबर, पोराचा नाही. नातीनं बोट ठेवलं, "हे पाय, तुह्या मायचं नाव." मी त्याच्यावरून हात फिरवला, मान हलवून हाव म्हटलं, डोळे पुसले. हे पत्र कुठी धाडाचं नाही, म्हणून खरं सांगते, बा: तिथं तुहं नाव छापलं असतं, तरी मी हावच म्हटलं असतं.