झाकणावरचा वरवंटा

मंगळवार, दिवा लावून झाल्यावर

मागच्या दाराला दिवसाढवळ्या कडी लावायची सवय मला कधी लागली? बहुतेक त्या चोऱ्यांच्या बातम्यांनंतर. मग सागरने पुण्याहून येऊन पुढच्या गेटवर कॅमेराही बसवला. एकटी राहतेस आई, म्हणाला. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू.

आज सकाळी त्याचाच फोन. "आई, दार उघडू नकोस. गेटपाशी कोणी अनोळखी बाई आहे, डोकं झाकलेली."

बेल दोनदा वाजली. मी स्वयंपाकघरातच उभी. शेवटी खिडकीतून पाहिलं तर खतिजा! गुडघ्याचं दुखणं काढून किती महिन्यांनी आमच्या कट्टा गावच्या बाजारात मासे घेऊन आली होती. मी शाळेत शिकवायला गेलेली असायची तेव्हा ही मागच्या दाराने घरात शिरायची, बांगडे टोपात ठेवायची आणि मांजर येईल म्हणून झाकणावर वरवंटा. तो वरवंटा दिसला की हाच सागर उड्या मारायचा, मावशी येऊन गेली म्हणून!

"मागला दार कित्याक गो लावलंस?" मी दार उघडताच तिने विचारलं. "आता मी बांगडे खंय ठेवू?"

मी बांगडे तिच्या हातून घेतले. भीती वाटते हे खरं, पण कुणाची ते मलाच माहीत नाही.

मिक्सर आल्यापासून वरवंटा माळ्यावर पडला होता. आत्ता काढला, धुतला, टोपाशेजारी ठेवला. उद्या तिच्या वेळेला मागची कडी काढून ठेवणार आहे.

भीती वाटेलच. वाटू दे.