चार रेघांचं ‘नको’

३ जानेवारी
आजपासून चिनी अक्षरं. रोज वीस. गोडाऊनमध्ये नवी क्रेन आलीय, सोबत तिचा चिनी ड्रायव्हर. आपली भाषा त्याला शून्य. मॅनेजरनी विचारलं, कोण शिकेल? हात माझाच वर गेला. बायको म्हणाली, आधी गीझर दुरुस्त करून दाखवा. तिला भाषेचं अंग नाही.

५ जानेवारी
पहिला क्लास. मॅडम म्हणाल्या, अक्षर म्हणजे रेघा, आणि प्रत्येक रेघेला तिची जागा असते. मी म्हटलं, एखादी इकडेतिकडे झाली तर समोरच्याला कळतंच की. त्यांनी तीच रेघ फळ्यावर पुन्हा काढली. पटलं असावं.

१४ जानेवारी
रोज वीस जमत नाहीत. आठवड्याला वीस. पेन चांगलं नाही.

२० जानेवारी
मान द्यावा म्हणून ड्रायव्हरला कागदावर ‘मोठा माणूस’ लिहून दिलं. त्याचा चेहराच उतरला. मॅडम म्हणाल्या, ‘मोठा’वर ठिपका पडलाय, त्याचा ‘कुत्रा’ झाला. एका ठिपक्याचा केवढा बाऊ. यापुढे जास्तीचं काही लिहायचं नाही. कमी पडलं तर चालेल.

२ फेब्रुवारी
मोठी जबाबदारी. क्रेनखाली आवाज एवढा की हाका ऐकू येत नाहीत. म्हणून मी खालून ड्रायव्हरला पाट्या दाखवायच्या: ‘वर’, ‘खाली’, ‘थांबा’. उतरणाऱ्या पेट्या रचायला मेहुणा असतो, बायकोचा धाकटा भाऊ. मीच चिकटवलाय त्याला. म्हणाला, भाऊजी, तुम्ही आहात म्हटल्यावर काळजी नाही. बायकोने मात्र दोनदा विचारलं, नक्की येतं ना तुम्हाला?

३ फेब्रुवारी
‘थांबा’ला अकरा रेघा. मनगट दुखायला लागलं. त्याऐवजी ‘नको’ घेतलं. चारच रेघा, आणि अर्थ तोच. मॅडमना दाखवणार होतो, पण पाट्या रंगवण्यात क्लास बुडला.

९ फेब्रुवारी
काम झकास. ‘वर’ आणि ‘खाली’ दिवसभर चालतात. ‘नको’ची वेळच आलेली नाही. क्रेनची साखळी हल्ली करकरते. पेटीची सावली मेहुण्याच्या अंगावरून सरकत जाते, पण तो वर बघत नाही. माझ्याकडे बघतो.

१६ फेब्रुवारी
‘नको’ची पाटी ट्रकखाली गेली. जेवणाच्या सुट्टीत नवी लिहिली. पुस्तक उघडावंही लागलं नाही. चार रेघा म्हणतात, पण मला तीनच लागल्यासारख्या वाटल्या. हात बसला की असंच होतं. थोडी ‘खाली’सारखी दिसतेय. एकाच भाषेतली अक्षरं, सारखी दिसणारच. मेहुण्याने विचारलं, बरोबर आहे ना? मी नुसता हसलो.

२१ फेब्रुवारी, दुपार
मेहुण्याचा बूट दोन पेट्यांच्या फटीत अडकला. वरून तिसरी पेटी येत होती. मी ‘नको’ दाखवलं. ड्रायव्हरने मान डोलावली. पेटी येतच राहिली. मी पाटी दोन्ही हातांनी आणखी उंच धरली.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
हॉस्पिटल. जीव वाचला. घोट्याचा चुरा झालाय, डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखं चालणं कठीण. क्रेनचे ब्रेक तपासायला हवेत. ड्रायव्हरचे डोळेसुद्धा. मॅनेजरना तसं सांगितलं. बायको माझ्याशी बोलत नाहीये. धक्का बसलाय तिला.

२३ फेब्रुवारी
पाटी बरोबर होती असं मॅडमनी मॅनेजरना सांगावं, म्हणून त्यांना फोटो पाठवला. त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, ‘नको’मधली डावीकडे उतरणारी रेघ कुठेय? ती नसली की ते ‘खाली’ होतं. मी म्हटलं, फोटोत नीट आली नसेल. त्यांनी विचारलं, खाली कोण होतं?

२८ फेब्रुवारी
हॉस्पिटलमध्ये ड्रायव्हर फळं घेऊन आला होता. भिंतीला टेकून उभा. बायको मेहुण्याच्या उशाशी बसलेली. मेहुणा म्हणाला, भाऊजी, त्या दोन अक्षरांत फरक काय असतो, एकदा दाखवा तरी. मी त्याच्या प्लास्टरवरच दोन्ही लिहिली, शेजारी शेजारी, अगदी सावकाश. आता चुकणं शक्यच नव्हतं. मेहुणा दोन्हींकडे बघत राहिला. म्हणाला, मला तर सारखीच दिसतायत.

ड्रायव्हर पुढे आला. माझ्या हातातलं पेन घेऊन त्याने एका अक्षराला डावीकडे उतरणारी रेघ काढली.

पेन त्याने मला परत दिलं नाही. बायकोच्या हातात दिलं.