लूशियसचं वय

ग्रीनवूड, मिसिसिपी
४ मे १९५०

ती. व्हर्नेलताईस,
होझियाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरतो. आम्ही डेल्टा किंग्जवाले सध्या बसमध्येच राहतो म्हटलं तरी चालेल. आठ दिवसांत बेसबॉलचे अकरा सामने, आणि जेवण म्हणजे पत्र्याच्या डब्यातले मासे नि खारी बिस्किटं, कारण रस्त्यावरचे हॉटेलवाले आम्हा काळ्यांना मागच्या दारानेही आत घेत नाहीत. रविवारी मात्र थाट असतो. पाद्रीबुवा प्रवचन आवरतं घेतात, बायका चर्चमधल्या टोप्यांसकट थेट मैदानावर येतात आणि सामन्याआधी आमचा चेंडूविना खेळ होतो. हातात चेंडू नसतोच, पण फेकायचं, झेलायचं, बाद झालो म्हणून पंचाशी भांडायचं. लोक हसून हसून बेजार होतात. यंदा निम्मी बाकं रिकामी आहेत. आपले चांगले गडी गोऱ्यांच्या क्लबांनी नेले आणि लोक रेडिओवर त्यांचेच सामने ऐकत बसतात. मालक म्हणतात, हंगाम संपला की बस विकणार.

आता मुद्द्याचं. ओहायोतल्या एका गोऱ्या क्लबचा माणूस मला बघून गेला. माझं कॅचरचं, फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलायचं काम त्याला पसंत पडलं. वय विचारलं, तर आमचे मॅनेजर टोबकाका पापणी न हलवता म्हणाले, यंदा सव्वीस पुरी करेल. ताई, या बसमध्ये प्रत्येकाला दोन वयं आहेत, एक आईने दिलेलं आणि एक बेसबॉलचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझ्यासारखा चौतीस वर्षांचा नवा कॅचर कोण घेणार? पण या लोकांना कागद हवाय. आपण सगळे सुईणीच्या हातचे, सरकारी दाखला कुठला. घरच्या बायबलातलं जन्माचं पान चालेल म्हणाला. त्या पानावर आपल्या लूशियसची तारीख आहे. तो असता तर यंदा सव्वीसचाच झाला असता. तो माणूस मला आडनावानेच ओळखतो, तेव्हा मी लूशियस म्हणून जाईन. होझिया हा थोरला भाऊ होता, तो वारला असं सांगेन. मृत्यूंचं पान वेगळं आहे, ते तेवढं पाठवू नकोस.

आईला सांगू नकोस. तिला आता दिसत नाही, कळायचं नाही. माझी ही शेवटची संधी आहे.

कळावे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा होझिया


सीडर फोर्क, अलाबामा
१३ मे

चि. होझिया यास,
व्हर्नेलचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी चुलीत घातलं, मग रडले, मग तुला मनसोक्त शिव्या दिल्या. पाच वर्षांचं पोर डांग्या खोकल्याने माझ्या मांडीवर गेलं, होझिया. लहानपणी त्याच्या ताटातली मक्याची भाकरी पळवायचास, तेवढ्याने पोट भरलं नाही वाटतं तुझं?

तरी पान पाठवते आहे. तुला पुन्हा दुसऱ्याच्या कापसात कमरेतून वाकलेला मला बघवणार नाही. आई कोंबड्यांना दाणे टाकत होती, तेवढ्यात ब्लेडने कापलं. तुला ठाऊक नसेल, ती दर रविवारी बायबल मांडीवर घेऊन त्या पानावरून बोटं फिरवते. कोणाचं नाव कुठे आहे ते तिला बोटांनी पाठ आहे. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. गुडघ्यांना टर्पेंटाइन चोळत जा.

देव तुला सांभाळो. लोभ आहेच, रागही आहे.
तुझी व्हर्नेल


मेम्फिस
१ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पान पोचलं, त्यांना पटलं. पण एक घोळ झाला आहे. करारावर सही करण्याआधी त्यांचा माणूस आईला भेटायला सीडर फोर्कला येणार आहे. आता तिला सांगावंच लागेल. माझ्याच्याने तिला लिहवत नाही, भेकड म्हण हवं तर. एवढं एक खोटं माझ्यासाठी बोल म्हणावं. तिने नाही म्हटलं तर मी तिला दोष देणार नाही.

उत्तराकडे डोळे लावून आहे.
तुझा होझिया


सीडर फोर्क
१९ जून

चि. होझिया यास, अनेक आशीर्वाद.

तुझं काम झालं. कसं झालं ते ऐक.

मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पान गेल्याचं पहिल्याच रविवारी कळलं होतं, तू कधी तोंड उघडतेस ते बघत होते. बुधवारी साहेब आला, टोपी न काढता दारातच उभा राहिला. आईने बायबल मागून घेतलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, लूशियस माझा धाकटा, कापूस वेचणीच्या दिवसांतला, यंदा सव्वीसचा होईल. साहेबाने थोरल्याचं विचारलं. तर म्हणाली, होझिया गेला. साहेब खूश होऊन निघून गेला.

मग तिने मला मृत्यूंच्या पानावर तुझं नाव लिहायला लावलं. मी म्हटलं, अगं, तो जिवंत आहे. ती म्हणाली, देवाच्या पुस्तकावर हात ठेवून मी आजवर खोटं बोललेले नाही, आता म्हातारपणी बोलणार नाही, लिही. मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिने काळा झगा घातला. गावातल्या बायका तुझ्या नावाने जेवण घेऊन आल्या आणि मी त्यांच्यासमोर बसून ते खाल्लं.

नीट खेळ. आता ते तरी नीट कर.
तुझी व्हर्नेल


ओहायो
२० ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मला काढून टाकलं. आठ आठवडे टिकलो. क्लबच्या डॉक्टरने गुडघे दाबून बघितले आणि हसला, म्हणाला, सव्वीस वर्षांच्या माणसाला असे गुडघे कुठे मिळतात?

इथे मला कोणी वाईट वागवलं नाही, फक्त कोणी बोललं नाही. लूशियस म्हणून हाक आली की कुणाला बोलावतात म्हणून मी मागे वळून बघायचो. एकदा सरावाआधी सवयीने आपला चेंडूविना खेळ सुरू केला. रिकामा हात उगारून दुसऱ्या बेसवरच्या गड्याकडे फेकलं. त्याने झेललंच नाही, नुसता बघत राहिला.

डेल्टा किंग्ज संपले. बस विकली, टोबकाका लेकीकडे राहायला गेले. मला जायला जागा नाही. आईला सांग, मी चुकलो. माझं नाव त्या पानावरून खोडून टाक म्हणावं. मला घरी यायचंय.

तुझा होझिया


सीडर फोर्क
४ सप्टेंबर

चि. भावास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मी होझिया म्हटलं की ती मान हलवते, गेलेल्या माणसाचं पत्र कसं येईल म्हणते. चार वेळा सांगून पाहिलं, तिच्यापुढे रडूनही पाहिलं.

पण लूशियसचं पत्र आलं का, हे मात्र रोज विचारते. टपालवाल्याच्या वेळेला अंगणात जाऊन उभी राहते. काळा झगा तिने उतरवला आहे. ओहायोत थंडी असते, पोराला पांघरूण आहे का, पोटभर जेवतो का, असं चाललेलं असतं. आणि खोकला गेला का, हे दिवसातून दहादा. ती तुला शिक्षा करते आहे की तिचं भानच हरपलं आहे, मला कळत नाही. वीस वर्षांत तिला इतकी आनंदात पाहिली नव्हती, एवढं खरं.

ये. मी गावाला सांगेन काहीतरी. पण उंबऱ्यात आई नाव विचारेल. काय सांगायचं ते तू ठरव, मी नाही सांगू शकत.

तुझी व्हर्नेल


ओहायो
१२ सप्टेंबर

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. पोटभर जेवतो, पांघरूण आहे. खोकला गेला. शनिवारच्या बसने घरी येतो. ताईला सांग, माझ्यापुरती मक्याची भाकरी राखून ठेव. आता ती पळवायला कोणी नाही.

तुझा धाकटा,
लूशियस