तुमचा वार कोणता?

४ मे, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, शिलाई मशीन आणि ही कोरी वही. मुलगी म्हणत होती, आई, या वयात कसली नोकरी धरतेस, घरी बस आरामात. पण नोकरीबरोबर वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात आणि खिडकीखाली असं हिरवंगार लॉन आहे की शाळेत असतो तर आम्ही मुलींनी प्रार्थना बुडवून त्यावर कोलांट्या मारल्या असत्या, आणि सिस्टरनी कान पिळले असते.

गावातल्या बायकांचा हा क्लब. मी त्याची व्यवस्थापिका. खाली हॉल, वाचनाची खोली, चहाचं सामान, सगळ्या किल्ल्या माझ्याकडे. नेमणूक फोनवरच झाली होती. अध्यक्षाबाई दारात घ्यायला आल्या, मला पाहून जरा अडखळल्या आणि म्हणाल्या की फोनवर तुमचं इंग्रजी फार गोड वाटलं होतं. ते ‘होतं’ थोडं टोचलं. असो. शाळेच्या नाटकात मला कुणी कधी परी केलं नाही, दरवर्षी ‘रात्र’ मीच. एक काळी ओढणी, मेकअपचा खर्च शून्य! या गोष्टींवर हसायला मी केव्हाच शिकलेय.

पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, नात राहायला येणार आहे. सहा वर्षांची, आम्ही तिला चिमणी म्हणतो. रंग थेट माझ्यावर गेलाय, नाक मात्र जावयाचं. तिची गादी खिडकीशी घालीन, म्हणजे उठल्या उठल्या हिरवं दिसेल.

६ मे, बुधवार

पुढचं दार काही केल्या उघडत नाही. सुताराला बोलावलं, तर त्याने एका बोटाने ढकललं आणि ते उघडलं! म्हणाला, बाई, सकाळी खात जा काहीतरी. तो गेल्यावर मी पुन्हा ढकललं. ढिम्म. म्हणून बाजूच्या दाराने ये-जा करते. ते अरुंद आहे, चौकट इतकी ठेंगणी की माझ्यासारख्या बुटकीलाही मान वाकवावी लागते. तिथून पायऱ्या उतरून नळांच्या ओल्या खोलीतून वर यायचं.

लॉन जवळून पाहिलं तर मोठं मजेशीर आहे. अगदी आखून काढल्यासारखं चौकोनी, भोवती बाकं, सगळ्यांची तोंडं आत. एका कोपऱ्यात स्टीलचे दोन वाकडे कठडे गवतातून वर येतात आणि पुन्हा गवतातच शिरतात. बायका त्या जागेला ‘तलाव’ म्हणतात. चहा तलावावर घेऊ, म्हणतात. तलाव कुठाय, म्हणून विचारलं तर खुदुखुदु हसल्या.

चहा घेताना अध्यक्षाबाईंनी विचारलं, तुमचा वार कोणता? मला वाटलं, सुट्टीचा वार विचारताहेत. मी खुशीत शुक्रवार सांगितला. शाळेत शुक्रवारी शेवटच्या तासाला सिस्टर गोष्ट वाचायच्या, तेव्हापासून तो वार माझा लाडका. सगळ्यांचे कप एकदम थांबले. मग एक म्हातारी म्हणाली, अगं बाई, पूर्वीचाच निघाला की. अध्यक्षाबाईंनी माझा हात थोपटला. त्यांचा हात कोरडा होता. नंतर त्यांनी तो रुमालाला पुसला.

८ मे, शुक्रवार

आज पुढचं दार आपणहून उघडलं. मी चहा गाळत होते. खाली किर्र आवाज झाला, जाऊन पाहते तर दोन्ही फळ्या सताड उघड्या आणि समोर ऊन पडलेलं लॉन. मला इतका आनंद झाला की चपला काढल्या आणि तशीच धावले.

पाय घोट्यापर्यंत आत गेला.

गवताखाली पाणी होतं. कोमट, वापरलेलं. अख्ख्या घराच्या अंघोळी झाल्यावर टबात उरतं तसं. आणि त्या पाण्यात कुणीतरी माझा घोटा धरला. घट्ट नाही. रस्ता ओलांडताना लहान मूल धरतं, तसा.

मी हिसडा देऊन निघाले. गवत मिटलं. घोट्यावर बोटांचे वळ आहेत, चिमणीच्या बोटांएवढे. समोरच्या बाकांवर बायका बसल्या होत्या. एकही उठली नाही. सगळ्यांच्या मांडीवर घडी केलेले टॉवेल होते.

११ मे, सोमवार

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण सहज म्हणतो. इथे ते खरंच मुरलंय.

अध्यक्षाबाईंना सरळ विचारलं. त्यांनी चहात बिस्कीट बुडवत, अगदी मायेने सांगितलं. लॉनखाली पोहण्याचा तलाव आहे. त्यांच्या लहानपणी आठवड्यातून एकदा पाणी बदलत. बदलण्याच्या आदल्या दिवशी, पाणी पुरतं घाण झालं की, खालच्या वस्तीतल्या काळ्यांना आत सोडत, बाजूच्या दाराने. तो त्यांचा वार. शुक्रवार. पुढे वरून हुकूम आला की तलाव सगळ्यांना सगळे दिवस खुला करा. तेव्हा गावाने माती आणून तो बुजवला. आम्ही कुणालाही नाही म्हटलं नाही हो, त्या म्हणाल्या, आम्ही तलावच ठेवला नाही. सगळ्या हसल्या. एकदम हसल्या, एकदम थांबल्या. एकीने भर घातली की माती टाकली तीही शुक्रवारीच, म्हणजे आपला एकही दिवस वाया गेला नाही.

मी विचारलं, शुक्रवारी पाण्यात त्यांची मुलं असतील ना?

अध्यक्षाबाई म्हणाल्या, चहा गार होतोय तुमचा.

मी सांगितलं, मला सुट्टीचा वार म्हणायचं होतं, माझा शब्द मागे घेते. त्यांनी समजूत काढली की एकदा तोंडाने वार सांगितला की जागा तो धरून ठेवते, त्यात आमच्या हातात काही नसतं.

खिडकीत बसून बघतेय. कुणीतरी ती चौकट मुद्दाम ठेंगणी केली. कुणीतरी बाकांची तोंडं आत वळवली. ती माणसं गेली, हुकूम बदलले, पण विटांना कुणी कळवलंच नाही. त्या अजून आपलं काम करताहेत.

१४ मे, गुरुवार

बॅगा घेऊन निघाले. फाटकाकडे जाणारी वाट वळली, आणि समोर बाजूचं दार. पुन्हा निघाले. पुन्हा तेच दार. सुतार वाटेत भेटला, त्याला म्हटलं, मला फाटकापर्यंत सोड. तो म्हणाला, बाई, तुमची वाट ही नाही, आणि शीळ घालत सरळ निघून गेला.

मुलीला फोन केला, येऊ नका म्हणून हातापाया पडले. ती म्हणाली, आई, रुसलीस का? चिमणी कालपासून बॅग भरून बसलीय. आवाज तुटत होता. मग तुटलाच.

एवढंच बरं आहे की वार मी सांगितलाय, चिमणीने नाही. तिने काही सांगितलं नाही तर जागा तिला धरू शकणार नाही. तिला कुणी विचारायलाच नको. उद्या गाडी थांबायच्या आत मी फाटकात उभी राहीन. तिला खाली उतरू देणार नाही.

१५ मे, शुक्रवार, सकाळ

पुढचं दार उघडं आहे. बाजूचं आज हलत नाही. फाटकाकडे जायला लॉनवरूनच—

बायका आल्या. टॉवेल घेऊन.

दुपार

कडेकडेने निघाले होते. कडाच उरली नाही. गुडघ्यापर्यंत आत आहे. पाय निघत नाहीत. हात मोकळे आहेत म्हणून लिहितेय, मुलीच्या हाती लागावं.

खाली खूप जणं आहेत. छोटी. ओढत नाहीत, नुसती धरून आहेत. घाबरलीयत बिचारी— मी त्यांना म्हटलं, आहे मी—

हॉर्न.

गाडी फाटकात. मुलगी डिकीतून सामान काढतेय, पाठ इकडे. मी हाक मारतेय, ती बघत का नाही— कंबरेपर्यंत—

चिमणी उतरली. पिवळा फ्रॉक. अध्यक्षाबाई तिच्यापुढे वाकल्या. गालाला हात लावला. विचारताहेत, गोड आवाजात, इथवर ऐकू येतंय—

चिमणे, नको! बोलू नकोस, काहीच सांगू—

ती हसतेय. तिला वाटलं परीक्षा घेताहेत. नुकतेच वार पाठ झालेत तिचे. हात मागे बांधले, मान ताठ केली, अख्खेच्या अख्खे म्हणायला लागली. सोमवार, मंगळवार, बुध—