सलमाला वाटतंय, मीच सांगितलं

मंगळवार, संध्याकाळ

आज सलमाला पोलीस घेऊन गेले. आमच्या कॅम्प तीन भागात माझ्या दुकानाला लागूनच तिचा शिलाईचा गाळा. वस्तीतल्या बंगाली बायकांचे ब्लाऊज, पोरींचे फ्रॉक शिवायची, दोघींना कामालाही ठेवलं होतं. सगळ्यांना सांगायची, गाव मालदा, इकडच्या बंगालमधलं. खरं गाव बांगलादेशात. तिकडे आई गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या गळ्यात पडून बोलून गेली.

मी फक्त ह्यांना सांगितलं. नवऱ्याला नाही सांगणार तर कोणाला?

गाडीत चढताना माझ्याकडे बघून म्हणाली, "दीदी, सिर्फ आपको बताया था." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन ह्यांना विचारलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "मीच कळवलं. उद्या तू अडकली असतीस." आणि वर, "तो गाळा आता आपल्याला मिळतो की नाही बघ."

म्हणजे काळजी माझी होती की गाळ्याची? सिर्फ आपको. कानातून जातच नाही. पोलिसांना कळवणारी मी नव्हते, हे तिला कोण सांगणार?

मग जेवायला वाढ म्हणाले. आणि मी वाढलं. ताट आपटलंसुद्धा नाही.